हाल्वारची करंगळी

बार्ब्रोने आपली चाल रेडिओवर पहिल्यांदा ऐकली तेव्हा ती दातांच्या दवाखान्यात आडवी पडलेली होती. दोन्ही गालांत कापसाचे बोळे आणि जिभेवर पाणी ओढणारी नळी. आयुष्यात एकदा ओरडावं असा प्रसंग आला, आणि नेमकं तेव्हाच तोंड दुसऱ्याच्या ताब्यात होतं.

"किती गोड आहे ना?" दात साफ करणारी मुलगी म्हणाली. "माझी लेक हे लावल्याशिवाय झोपतच नाही. आपल्याच भागातली आहे म्हणे. तो लोहार-हाल्वार होऊन गेला ना, त्याची."

"अँऽ," बार्ब्रो म्हणाली.

"दुखतंय का?"

बार्ब्रोने नकारार्थी मान हलवली. रेडिओवर चालीखाली कोणीतरी मंद ढोल घातला होता, आणि मागे समुद्र असल्यासारखा आवाज. पण चाल तीच. तीन मात्रांची पोल्स्का, स्वीडनातल्या खेड्यांत नाचाला वाजवतात तशी. दुसऱ्या भागात ती सगळ्यात बारीक तारेवर एकदम उंच चढते, तिथे एका सुरावर क्षणभर थांबते आणि मग पायरी-पायरीने खाली येते. तो सूर आला तशी बार्ब्रोच्या डाव्या हाताची करंगळी खुर्चीच्या कडेवर आपोआप दाबली गेली.

ही चाल बार्ब्रोने स्वतः रचली होती, बावन्न वर्षांपूर्वीच्या एका जानेवारीत. आणि जगात हे फक्त तिलाच ठाऊक होतं.

हे असं कसं झालं ते सांगायलाच हवं, कारण असला मूर्खपणा फक्त आमच्या भागातला माणूसच करू जाणे. आमच्याकडे व्हायोलिन घेऊन कोणी उभं राहिलं की आधी सांगतं, चाल कोणाकडची. "ही गिरणीवाल्या आर्नेकडची." "ही माझ्या आत्याकडची, तिने ती एका घोड्यांच्या व्यापाऱ्याकडून उचलली." नाव घेतल्याशिवाय कोणी गज तारेला लावत नाही. आणि "ही माझी" असं तर कोणी म्हणतच नाही. म्हणून बघा एकदा! लोक खोकतील, कॉफीच्या कपात डोकावतील, आणि घरी जाताना गाडीत बसल्या बसल्या म्हणतील, बाईंच्या डोक्यात बरीच हवा गेलेली दिसते.

बार्ब्रोला वाजवायला शिकवलं ते लोहार-हाल्वारने. तिचा बाप प्रार्थनागृहातला कडक माणूस, व्हायोलिन म्हणजे त्याच्या लेखी सैतानाचं वाद्य. मग ती "कुऱ्हाडीला धार लावून आणते" म्हणून घरातून सटकायची आणि हाल्वारच्या भट्टीमागे एका फळकुटावर जाऊन बसायची. तिच्या बापाइतकी धारदार कुऱ्हाड त्या काळात गावात दुसऱ्या कोणाची नव्हती. बार्ब्रो एकवीस वर्षांची असताना, नाताळच्या आदल्या आठवड्यात हाल्वार गेला. घरात त्याच्यासाठी रडायची सोय नव्हती. म्हणून ती गोठ्यात, बोटं कापलेले हातमोजे घालून, गायींच्या उबेला बसली आणि तिने ही चाल केली.

पुढच्या जूनमध्ये ती, निवडक लोकवादकांना मिळतो त्या चांदीच्या बिल्ल्यासाठी, परीक्षकांपुढे उभी राहिली. आपल्या भागातल्या तीन जुन्या चाली वाजवून दाखवायच्या होत्या. दोन झाल्या. तिसरी जी तयार करून आली होती, ती तिच्या आधीच्या उमेदवाराने वाजवून टाकली होती, आणि तिच्यापेक्षा बरी वाजवली होती. हाताला जी आली ती तिने वाजवली.

"कोणाकडची ही?" परीक्षकाने चष्म्यावरून बघत विचारलं.

"लोहार-हाल्वारकडची," ती म्हणाली.

झालं एवढंच. परीक्षकाने वहीत उतरवून घेतलं, बार्ब्रोला बिल्ला मिळाला, आणि दोन वर्षांनी ती वही पुस्तक होऊन छापली गेली. हळूहळू सगळा भाग ती चाल वाजवायला लागला. उन्हाळ्यातला वादकांचा मेळा हाल्वारच्या जुन्या भट्टीच्या अंगणात भरतो. त्याची सुरुवातही त्याच चालीने व्हायला लागली, सगळ्यांनी मिळून, शंभर-सव्वाशे व्हायोलिनांवर. भट्टीत आता हाल्वारची नात सिग्ने कॉफीचं दुकान चालवते. तिथल्या भिंतीवर आजोबांचा फोटो, आणि शेजारी काचेत घालून त्या चालीचा छापील कागद. सिग्नेपाशी आजोबांचं म्हणावं असं तेवढंच. बार्ब्रो पस्तीस वर्षं नगरपालिकेच्या संगीतशाळेत पोरांना व्हायोलिन शिकवत राहिली, आणि दर वर्षी तिने "लोहार-हाल्वारकडची" म्हणत हीच चाल शिकवली.

दवाखान्यातून आल्यावर तिने फोनवर शोधलं. "पारंपरिक. लोहार-हाल्वारकडून. मांडणी: येस्पेर." ऐकणारे तीन कोटी. ती बराच वेळ त्या आकड्याकडे बघत बसली.

पुढच्याच आठवड्यात येस्पेरचा फोन आला. "बार्ब्रो का? तू मला ओळखत नाहीस. मी स्टॉकहोमहून—"

"ओळखते की. दातांच्या दवाखान्यात भेटलास."

त्याला काही कळलं नाही, तरी तो हसला. आवाजावरून पोरगा वाईट वाटत नव्हता, हीच खरी अडचण होती. "ती चाल तुझ्यासारखी कोणीच वाजवत नाही असं सगळे म्हणतात," तो म्हणाला. "एक दिवस इकडे येऊन वाजवशील का? दिवसाची मजुरी देईन, चांगली देईन."

"तीन कोटी लोकांनी ऐकलीय. श्रीमंत झाला असशील."

"हो तर! सायकलची चेन बदलली. एकदा ऐकलं की किती मिळतात ते विचारू नकोस, आपण दोघं मिळून रडू. पण आता खरे पैसे येतायत. एक जुगाराची कंपनी आहे. फोनवर पत्ते, घोडे, असलं सगळं. त्यांना जाहिरातीला ही चाल हवीय, आणि अस्सल गावाकडची व्हायोलिन हवीय."

"जुगाराला?"

"मलाही नाही आवडलं. पण मी नाही म्हटलं तर ते दुसऱ्या कोणाकडून वाजवून घेतील. पारंपरिक आहे ना, कोणाला विचारायचंच नाही. रचणारा हयात असता तर गोष्ट वेगळी होती. त्याने नाही म्हटलं की विषय संपला."

"एवढं सोपं?"

"एका शब्दाचं काम. मी म्हटलंय एकदा, माझ्या एका गाण्याला. सॉसेजच्या जाहिरातीला हवं होतं. नाही म्हणून टाकलं. काय बरं वाटलं होतं सांगू! मग दोन महिने नुसत्या शेवया खाल्ल्या." मग तो मुद्द्यावर आला. "सोमवारी सही आहे. तुमचा मेळा झाला की लगेचचा सोमवार."

बार्ब्रोने "बघते" म्हणून फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात उभ्या उभ्या बटाटे सोलायला घेतले, लागणार होते त्याच्या दुप्पट. तिला भयंकर राग आला होता आणि राग धरायला माणूस सापडत नव्हता. येस्पेरने पुस्तक उघडून बघितलं होतं, छापलेलं नाव इमानाने दिलं होतं. चूक होती ती चष्मेवाल्या परीक्षकापुढे उभ्या असलेल्या त्या पोरीची. पैसे नकोत असं सोंग कशाला करा? पैसे तिला हवेच होते. संगीतशाळेच्या पेन्शनीत हिवाळ्याचं लाकूडसुद्धा मोजून जाळावं लागतं. पण गोठ्यात बसून हाल्वारसाठी रडत केलेली चाल लोकांना पत्त्यांवर पैसे लावायला बोलावणार, हे तिला सहन होत नव्हतं. नाही म्हणू शकणारं माणूस जगात एकच होतं. आणि त्या माणसाला नाही म्हणायचं तर आधी सिग्नेच्या भिंतीवरून तिच्या आजोबांना खाली उतरवावं लागणार होतं.

त्यात सिग्नेने यंदा आणखी घोळ घालून ठेवला होता. साठी उलटल्यावर, गेल्या शरदात तिने व्हायोलिन हातात घेतली. "या वर्षी मेळ्याची पहिली चाल मी एकटी वाजवणार," तिने जाहीर केलं होतं. "मागून सगळे या हवं तर. पण सुरुवात घरातल्या माणसाने करायची." दर बुधवारी, दुकान बंद झालं की, बार्ब्रो तिला शिकवायला जायची.

मेळ्याच्या आधीच्या बुधवारीही गेली. सिग्ने दालचिनीचे उरलेले बन ताटलीत घेऊनच बसली होती. चाल आता बऱ्यापैकी यायची, पण तो उंच सूर आला की गाडी घसरायची.

"ही करंगळी म्हणजे सरकारी कारकून आहे," सिग्ने वैतागून म्हणाली. "रोज हजर, पण कामाचं नाव नको."

"कोपर आत घे. परत."

"घेतलं. अजून आत घेतलं तर पाठीतून बाहेर येईल." तिने पुन्हा प्रयत्न केला, सूर किंचाळला, ती थांबली. तिची नजर सहज भिंतीवरच्या फोटोकडे गेली आणि तिथेच राहिली. "बार्ब्रो, आजोबा कसा लावायचे गं हा?"

"काय?"

"हा सूर. करंगळी होती कुठे त्यांना?"

फोटोत हाल्वार भट्टीच्या दारात उभा होता. व्हायोलिनच्या मानेवर त्याची डावी तीन बोटं, आणि चौथ्याच्या जागी नुसता खुंट. यांत्रिक घणाखाली गेलं होतं ते, बार्ब्रोच्या जन्माआधी. सगळ्या गावाने हा फोटो शंभरदा पाहिला होता आणि सगळं गाव तो सूर वाजवत होतं, पण बावन्न वर्षांत कोणी या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवल्या नव्हत्या. बार्ब्रोनेही नाही. परीक्षकाला खोटं सांगताना त्या खोट्यातच त्याचा पुरावा बसलाय, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं.

"हात वर सरकवायचा तो" हे उत्तर तिच्या ओठांवर तयार होतं. सिग्ने बिचारी नवशिकी, तिने डोळे मिटून विश्वास ठेवला असता. बार्ब्रोने तोंड उघडलं, आणि तिला सोमवार आठवला.

"नाही लावायचा," ती म्हणाली. "त्याने ही चाल ऐकलेलीच नाही. तो गेल्यावर मी केली."

सिग्नेने व्हायोलिन हळूच टेबलावर ठेवली. बार्ब्रोने सगळं सांगितलं. गोठा, परीक्षक, पुस्तक, येस्पेर, जुगाराची कंपनी. सांगायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

"आईच्या अंत्यविधीला तू हीच वाजवलीस," सिग्ने म्हणाली. "आणि मला जवळ घेऊन म्हणालीस, बापाने लेकीसाठी मागे ठेवलंय हे. म्हणालीस की नाही?"

"म्हणाले."

"तेव्हा सांगायचं होतंस."

"तेव्हा कसं सांगणार होते गं?"

"तोंडाने."

सिग्ने उठली, बनांची ताटली उचलून मोरीपाशी ठेवली आणि पाठ फिरवून तशीच उभी राहिली. "मग त्यांची काय होती? खरी?"

बार्ब्रोने आपली व्हायोलिन घेतली आणि हाल्वारची एक चाल वाजवली, तीन बोटांची. छोटीशीच. दोन भाग, दोन्ही जवळजवळ सारखे.

"एवढीच?"

"एवढीच."

"साधी आहे."

"साधंच वाजवायचा तो. पण त्याच्या तालावर म्हातारी माणसं काठ्या टाकून नाचायला उठायची. असा ताल मी नंतर कोणाचाच ऐकला नाही."

"परत वाजव," सिग्ने म्हणाली. बार्ब्रोने परत वाजवली. "परत." असं पाच-सहा वेळा झालं. सिग्नेने एकदाही वळून पाहिलं नाही. मग म्हणाली, "आता घरी जा."

दुसऱ्या दिवशी सकाळी बार्ब्रोने येस्पेरला फोन लावला. "ती चाल माझी आहे. आणि माझं उत्तर नाही."

"तुझी म्हणजे? आणि हाल्वार?"

"हाल्वार लोहार होता. नऊ बोटांचा."

तिने त्याला सगळं सांगितलं. "मी सोफा घेतला गं," तो म्हणाला. "कालच आला. प्लास्टिकसुद्धा काढलं नाही अजून."

"प्लास्टिक ठेव."

तो हसला, आणि मग त्याचा आवाज बदलला. "तीन कोटी वेळा तुझं नाव गाळलं मी."

"तू नाही गाळलंस. मीच गाळलं. तू फक्त पुस्तकात बघितलंस."

"मी बघितलं आणि मला बरं वाटलं, की कोणाला विचारायला नको. खरं सांगतो." त्याने नाक ओढलं. "ऐक. संगीतकारांच्या हक्कांचं ऑफिस नुसत्या तुझ्या शब्दावर नाव बदलणार नाही, पुस्तकात दुसऱ्याचं छापलंय म्हटल्यावर. हाल्वारच्या घरच्या कोणाकडून सही आण, की चाल त्याची नाही. सोमवारच्या आत. कागद मी पाठवतो."

"घरची एकच आहे. आणि ती माझ्याशी बोलत नाहीये."

शुक्रवारी कागद घेऊन ती सिग्नेच्या दुकानात गेली. सिग्नेने परक्या गिऱ्हाइकासारखी कॉफी आणून ठेवली आणि पैसे घेतले. पंचवीस वर्षांत तिने बार्ब्रोकडून कॉफीचे पैसे घेतले नव्हते. बार्ब्रोने भिंतीकडे पाहिलं. हाल्वारचा फोटो जागेवर होता. शेजारची काच काढली होती, तिथे भिंतीवर फिकट चौकोन उरला होता. कागद बशीखाली ठेवून ती निघाली. दारातून वळून पाहिलं तेव्हा सिग्ने कप, बशी आणि कागद सगळं एकत्रच आत घेऊन चालली होती.

शनिवारी मेळा. बार्ब्रो जावं की नाही करत शेवटी गेली, कारण न जाण्याचं कारण सांगायला आणखी एक खोटं लागलं असतं. दर वर्षी कोटावर लावायचा चांदीचा बिल्ला तिने खिशात ठेवला आणि अंगणात अगदी मागच्या बाकावर, बर्चच्या झाडाखाली जाऊन बसली. डास चावत होते, माणसं तारा जुळवत होती, पोरं सरबत सांडत होती.

सिग्ने मालगाडीच्या जुन्या फळ्यांच्या व्यासपीठावर चढली तशी सगळीकडे शांतता पसरली. मग शंभर-सव्वाशे गज वर उठले. पहिली चाल कोणती हे काय कोणाला सांगायला हवं होतं?

"ही माझ्या आजोबांकडची," सिग्ने म्हणाली, आणि वाजवायला लागली.

पहिल्या दोन सुरांनंतर गज हवेतच राहिले. ही चाल कोणालाच येत नव्हती. लोक एकमेकांकडे बघायला लागले, आणि एकेक गज खाली आला. सिग्ने तीन बोटांनी, कपाळाला आठ्या घालून, वाजवत राहिली. तीन दिवसांत किती वाजवली असेल कोण जाणे. सूर कच्चे होते, पण ताल असा ठाम धरला होता की तिसऱ्या फेरीला पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांचे बूट जमिनीवर ठेका धरायला लागले, आधी एक, मग दहा, मग सगळे. बार्ब्रोच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. भट्टीमागच्या त्या फळकुटावर तिने शेवटचा ऐकला होता तो ताल.

चाल संपली. टाळ्या पडल्या. सिग्नेने हात वर करून त्या थांबवल्या.

"आजोबांना नऊ बोटं होती," ती म्हणाली. "आत फोटो आहे, जाऊन बघा. तुम्ही दर वर्षी इथे त्यांची म्हणून जी वाजवता, ती त्यांना वाजवताच आली नसती. मलाही येत नाही, दहा बोटं असून. तेव्हा आमच्या घरची नाहीच ती. तसं मी एका कागदावर सही करून दिलंय, पत्र कालच टपालात गेलं. पण इथे कागद चालत नाही. इथे ज्याची त्याने सांगायची असते." तिने मागच्या बाकाकडे बघितलं. "बार्ब्रो, ये पुढे."

अंगणातली सगळी डोकी वळली. बार्ब्रोने पेटीतून व्हायोलिन काढली. रांगांमधून ती पुढे गेली, फळ्यांवर चढली. सिग्ने शेजारून हलली नाही.

"मी अजून रागावलेली आहे," सिग्ने तिच्या कानाशी म्हणाली. "वाजव."

बार्ब्रोने व्हायोलिन हनुवटीखाली धरली आणि गज उचलला. समोर पस्तीस वर्षांतले तिचे विद्यार्थी बसले होते, त्यांची पोरं होती, पोरांची पोरं होती. सगळे थांबले होते. नाव घेतल्याशिवाय गज तारेला लावायचा नाही, हे त्यांना तिनेच शिकवलं होतं.

"ही," ती म्हणाली, आणि तिने सिग्नेकडे बघितलं.

"ही माझी."

मागे कुठेतरी कोणी खोकलं. बार्ब्रोने गज तारेवर ठेवला.